विसणाचं पाणी

परवा आमच्या मारुंजीच्या सोसायटीत पाणी तपासायला एक मुलगी आली होती. पावसानं जोर धरलाय आणि टँकरचं पाणी चहासारखं यायला लागलंय, म्हणून बायकांनी सेक्रेटरीच्या मागे भुणभुण लावली होती. मुलीनं पार्किंगमधला नळ स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला, दुसरा बोळा चिमट्यात धरून काडी ओढली आणि निळी ज्योत नळाच्या तोंडाभोवती फिरवली. वॉचमन घाबरून म्हणाला, "मॅडम, नल को काहे जला रही हो?" ती हसली. आणि मला तो वास आला. स्पिरिट, तापलेलं पितळ आणि त्यावर लगेच सुटलेलं पाणी. भाजीची पिशवी घेऊन मी उभीच राहिले. सून लिफ्टचं दार धरून हाका मारतेय, "आई, चला ना, वरचे लोक ओरडतायत!" म्हटलं, जा तू पुढं, मी जिन्यानं येते.

जिना चढता चढता मी मुळशीत पोचले होते.

धरणाच्या वरच्या अंगाला एका ट्रस्टचा छोटा दवाखाना होता. बैठी इमारत, वर पत्रा, मागं टेकाड, पुढं भाताची खाचरं. पावसाळ्यात पत्र्यावर असा ताशा वाजायचा की डॉक्टर पेशंटच्या छातीला नळी लावून बसायचे आणि म्हणायचे, "थांबा, जरा कमी होऊ द्या, मग ऐकू." तिकडचा पाऊस म्हणजे राहायला येणारा पाहुणा. जेठात आला की दसऱ्याच्या तोंडाशी बोचकं आवरणार. तोवर भारंगीची भाजी, खेकड्याचं कालवण, ओल्या घोंगड्यांचा वास, आणि दवाखान्यात त्या सगळ्यावर टाकीत टाकायच्या जंतुनाशक टीसीएल पावडरीचा वास. आजही कुणाकडे तसला वास आला की मला भूक लागते. सांगितलं तर लोक हसतात. पण टाकीत पावडर टाकून शिडीवरनं खाली उतरलं की आम्ही पायरीवर बसून नाचणीची भाकरी खायचो, त्याला मी काय करू?

मी तिथं आया म्हणून लागले. शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचणं-लिहिणं औषधांच्या खोक्यांवरून आणि पुडीच्या कागदांवरून आपलं आपण. मग लॅबच्या मीनाताईंनी मला पाण्याच्या बाटल्या भरायला शिकवलं. त्या परभणीकडच्या, नोकरीसाठी आमच्या पावसात येऊन पडलेल्या. पहिल्या पावसाळ्यात मला म्हणाल्या, "आमच्याकडं बरंय मावशी. पाणीच नाही, तर जंतू राहायला कुठं जातील?"

काम सोपं होतं, पण सोवळ्यातलं. नळ आधी मोकळा करायचा. त्याला रबरी नळी लावली असेल, काही बांधलं असेल तर सोडायचं. मग पुसायचा, जाळायचा, पाणी थोडा वेळ वाहू द्यायचं आणि बाटलीच्या तोंडाला बोट न लावता बाटली भरायची. बाटलीत आधीच औषधाची पट्टी असायची. पाणी घाण असलं तर दुसऱ्या दिवशी बाटली काळी पडणार, चांगलं असलं तर जशीच्या तशी. वॉर्डात मी नळाभोवती ज्योत फिरवायला लागले की पेशंटांच्या बायका डोक्यावर पदर घेऊन हात जोडायच्या. एकदा तर एका नळाला हळदीकुंकू लावलेलं सापडलं. मीनाताई म्हणाल्या, "राहू द्या. नळ पुसायचाच आहे नाहीतरी."

त्या बाटल्यांना ऊब लागायची. त्यासाठी विजेवरचं कपाट होतं, पण श्रावणात वीज कुठली? मग मी उपाय काढला. टोपलीत भाताचं तूस भरायचं, बाटल्या त्यात गळ्यापर्यंत रोवायच्या, वरून गोधडी, आणि टोपली स्वयंपाकघरात चुलीच्या उबेला. दही विरजल्यासारखं. स्वयंपाकी रोज विचारायचा, "काय मावशी, बसली का कोंबडी अंड्यांवर? पिल्लं निघाली की एक माझं." मीनाताई थर्मामीटर खुपसून बघायच्या आणि मान डोलवायच्या. सकाळी गोधडी मीच उचलायची. बाटल्या स्वच्छ दिसल्या की चहा गोड लागायचा.

त्या वर्षी सगळ्या बाटल्या स्वच्छ निघत होत्या. आणि तरी बाळांच्या बेंब्या बिघडत होत्या.

दवाखान्यात बाळंतिणींची एक खोली होती, नवीनच सुरू झालेली; बाळंतपणं डॉक्टर आणि नव्या डॉक्टरीणबाई करायच्या. तिथं जन्मलेल्या बाळांची नाळ वेळेवर पडेना, बेंबी ओली राही, भोवती लाल होई, वास येई. एकदोघांना पुण्याला न्यावं लागलं. वाचली, देवाची कृपा. पण मग ट्रस्टचे लोक गाडी करून आले, चहा घेतला, खोली बघितली आणि जाताना डॉक्टरांना म्हणाले, "यापुढे एका जरी बाळाची बेंबी बिघडली तर ही खोली बंद करू. बायकांनी पुण्याला जावं, तिथं सगळी सोय आहे." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. लेकरांचा जीव म्हटल्यावर माणूस घाबरणारच. पण पुण्याचा रस्ता त्यांनी कोरड्या गाडीतून बघितला होता.

माझ्या शालननं तो वेगळा बघितला होता. शालन म्हणजे माझी थोरली लेक, खालच्याच वाडीत दिलेली. तिच्या पहिल्या खेपेला ही खोली नव्हती. जीप केली, पौडच्या अलीकडे दरड आडवी आली, आणि बाळ जीपमध्येच झालं. ते रडलं नाही. जीप तिथूनच मागं वळवली. त्यानंतर शालन बरेच दिवस रस्त्याकडे पाठ करून बसायची. आता तिला पुन्हा दिवस गेले होते, नवरात्राच्या मागंपुढं भरत होते. ट्रस्टवाल्यांची बातमी कळली तशी ती मला म्हणाली, "आई, त्या रस्त्यानं मी पुन्यांदा जायची न्हाई. खोली उघडी असंल तर तितं, न्हाईतर हितं चुलीपाशी."

"चुलीपाशी काय, वेडे? काही अडलं तर?"

"अडलं तर अडलं. ठकूआजी हाय की."

ठकूआजी आमच्या खोऱ्याची जुनी सुईण. निम्म्या खोऱ्याला पहिलं पाणी तिच्या हातचं. दवाखान्याची खोली सुरू झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं, म्हातारी आता शाप देणार. ती काठी टेकत स्वतः आली. डॉक्टरांना म्हणाली, "मला आता नाळ दिसंना. कापायचं तुमी कापा. न्हाऊ मी घालनार." तेव्हापासून रोज सकाळी ती यायची, मोरीत पाटावर पाय लांब सोडून बसायची आणि एकेक बाळ पायांवर घेऊन न्हाऊ घालायची. तिच्यामुळंच बायका यायला लागल्या होत्या. ठकूआजी दवाखान्यात बसतेय म्हटल्यावर सासवांचं तोंड बंद!

ट्रस्टवाले गेल्यावर आम्ही काय तपासलं नाही? विहीर तपासली, टाकी घासली, झाडून सगळ्या नळांच्या बाटल्या भरल्या. साबण बदलला, तेल बदललं. डॉक्टरांनी ठकूआजीला विचारलं, "आजी, बाळाचं पाणी उकळलेलं असतं ना?"

"कढत असतं. हात घालून बघा, सोलून निघंल."

घंगाळातून वाफा निघत होत्या. डॉक्टर बघून परत गेले.

अशाच एका सकाळी मी बाळंतिणींच्या मोरीतल्या नळाची बाटली भरत होते. मीनाताई सोबत होत्या. नळाला नेहमीप्रमाणे फडकं बांधलेलं. पावसाळ्यात पाण्यातून माती यायची, म्हणून आमच्याकडे घरोघर नळाला फडकं असायचंच. मी ते सोडून खिळ्याला अडकवलं, नळ पुसला, जाळला, बाटली भरली. तेवढ्यात ठकूआजी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन दारात.

"माझं फडकं कुनी सोडलं?"

"मीच, आजी. झालंच, बांधते आता."

"बांध लौकर. लेकरू गारठतंय. बिनफडक्याचं इसण घालू व्हय ह्याला?"

मीनाताई वळल्या. "विसण? वरून गार पाणी घालता? आजी, पाणी तर उकळलेलं असतंय ना?"

"उकळल्यालं असतंय म्हनून तर इसण लागतंय. का लेकराचा रस्सा करायचाय, पोरी?"

मी हसले. मीनाताई हसल्या नाहीत. त्या नळाकडे बघत होत्या, मग खिळ्यावरच्या फडक्याकडे. हळूच म्हणाल्या, "मावशी, आपण दर वेळी हे काढूनच बाटली भरतो."

"तसंच भरायचं असतं ना?"

"तसंच भरायचं असतं," त्या म्हणाल्या. मग दुसरी बाटली पुढं करून, "आता न काढता भरा."

फडकं बांधलं आणि त्यातून गळणारं पाणी दुसऱ्या बाटलीत धरलं. त्या दिवशी बाळाला विसण घातलं ते स्वयंपाकघरातलं, उकळून गार झालेलं. आजी कुरकुरली, पण घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोधडी उचलली. फडक्याशिवायची बाटली लख्ख. शेजारची काळीकुट्ट, तव्याच्या बुडासारखी.

इथं मारुंजीत आमच्या न्हाणीघरात एकच दांडी आहे. डावीकडे वळवली की गरम, उजवीकडे गार. मी सुनेला म्हटलं, जरा विसण घाल गं, तर म्हणते, "आई, मिक्सर आहे ना." तिचं बरोबर आहे. पण मला अजून तांब्या हातात लागतो. कढत पाण्यात गार पाण्याची धार सोडायची, कोपरानं अंदाज घ्यायचा, आणि न्हाणारीनं "पुरे" म्हणायची वाट बघायची. आमच्याकडे पाणी तापवणं म्हणजे अर्धंच काम. ते अंगाला सोसेल असं करणं, ते माणसाचं काम. कुणी विचारलं पाणी उकळता का, तर आम्ही सगळ्या देवाशपथ 'हो' म्हणणार. विसणाचं कोण सांगणार? ते काय सांगायची गोष्ट आहे?

आणि ते फडकं कुठलं, तर ठकूआजीच्या लुगड्याचं. वापरून वापरून सायीसारखं झालेलं लुगडं, ज्याची दुपटी करतात, त्यातलाच तुकडा. त्याहून शुद्ध वस्तू तिच्याजवळ नव्हती.

तिला सांगायचं कुणी? डॉक्टर म्हणाले, मी सांगतो. मीनाताई म्हणाल्या, नको, आपण दाखवू. दोन्ही बाटल्या तिच्यापुढे ठेवल्या आणि कुठली कशी भरली ते मी सांगितलं. तिनं काळी बाटली उचलून उजेडात धरली, खाली ठेवली. नळाचं फडकं सोडलं, पिळलं, मुठीत धरलं आणि काठी घेऊन निघून गेली. तोंडानं तिखट बाई ती. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आली नाही. पुढेही आली नाही. आणि मग खोलीतल्या खाटा रिकाम्या पडायला लागल्या. दिवस भरत आलेल्या बायका म्हणायला लागल्या, "आजी जात न्हाई तितं आमी कशाला जावं? काय तरी झालं असंल." फडकं निघालं होतं, बेंब्या सुधारत होत्या, पण डॉक्टर म्हणाले, "मावशी, रिकामी खोलीसुद्धा बंदच करतात." इकडं शालनचं पोट खाली उतरलं होतं. मी इरलं पांघरलं आणि ठकूआजीच्या वाडीला गेले.

ती चुलीपुढं बसली होती. मी इरलं दाराशी टेकवलं आणि बसले. चुलीकडे बघतच ती बोलायला लागली.

"आडावर मीच पानी शेंदायची, सुमे. मीच गाळायची. गाळलं की फडकं पिळून कुपाटीवर. ऊन न्हाई घावलं तर ह्या चुलीवर धरायची, चांगलं कडक वाळंस्तवर. तुमचा ह्यो नळ आला. ह्याला बांधलं ते बांधलं. मी धुयाची, पर वलंच पुन्यांदा बांधायची. फडक्याला इसावाच ऱ्हायला न्हाई."

"कुणाच्या ध्यानात आलं असतं, आजी?"

"माझ्या हातनं लेकरं नासली का गं?"

"हातानं नाही आजी. फडक्यानं."

"आन् फडकं बांधलं कुनी?"

मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. पाऊस पडत होता, तो पडत राहिला. मग मी म्हटलं, "शालनचे दिवस भरले. तिला तुमचा हात पाहिजे. आणि मला ती त्या खोलीत पाहिजे."

"शालीला डाक्टरीन न्हाऊ घालंल."

"डॉक्टरीणबाईंना बाळ पायांवर धरता येत नाही. परवा एकाला साबणासकट सोडत होत्या."

म्हातारीच्या तोंडाचा कोपरा हलला. पण लगेच गंभीर झाली. दोन्ही तळवे चुलीच्या उजेडात धरून बघत राहिली, उलटे, सुलटे. मग म्हणाली, "आदी माझ्या हाताची बाटली भर. मग बघू."

आणि खरंच आली. भर पावसात, डोक्यावर पोतं घेऊन. मीनाताईंनी उकळून गार केलेलं पाणी तिच्या हातांवरून ओतलं आणि खाली बाटलीत धरलं. स्वयंपाकी आत डोकावला, "आता आजीची बी पिल्लं काढताय का?" आजी म्हणाली, "तुझं त्वांड बुडव त्यात, मग बघ कसली पिल्लं निघत्यात." बाटली तुसात गेली. सकाळी काळपट झाली होती. मला तिच्याकडं बघवेना. तीच म्हणाली, "खरं बोलती मेली."

नखं काढून घेतली. मनगटाला जुना गंडा होता, लेकाच्या दुखण्यात बांधलेला. लेक कधीच बरा झाला होता, गंडा तसाच. तो सोडला, कपाळाला लावला आणि कमरेला खोचला. साबणानं कोपरापर्यंत हात घासले, भांडी घासतात तसे. पुन्हा बाटली. या वेळी ती लख्ख राहिली. आजीनं ती मागून घेतली आणि घरी नेऊन फळीवर, पितळी डब्यांच्या ओळीत ठेवली. जी बाई येईल तिला दाखवायची. "बघ, म्हातारीचा हात. डाक्टरनं तपासून दिलाय." कुणी विचारलं, नळाचं फडकं काय झालं, तर लपवायची नाही. "त्येच तर नडलं," म्हणायची. "आता इसण बी उकळल्यालं, झाकल्यालं. मी येते उद्या. तू बी ये." हळूहळू खाटा भरायला लागल्या.

शालन आली तेव्हा आंबेमोहर फुलोऱ्यावर होता. ज्यांनी तो वास घेतला नाही त्यांना कसा सांगू? सगळं खोरंच कुणीतरी भात शिजत ठेवल्यासारखं दरवळतं, आणि त्यात पाऊस. त्या वर्षी नवरात्र उजाडलं तरी पाहुणा उठायचं नाव घेत नव्हता. दुपारच्या सुमाराला शालनला मुलगी झाली. पत्र्यावर ताशा वाजत होता, तरी तिचं रडणं बाहेर ओसरीपर्यंत ऐकू आलं. मी तिथं भिंतीला टेकून खाली बसले. शालन आतनं विचारत होती, "रडली ना? आई, रडली ना?" स्वतःच्या कानांनी ऐकूनसुद्धा विचारत होती.

सकाळी न्हाऊ घालायचं. ठकूआजी पाटावर बसली, पाय सोडले, बाळ पायांवर घेतलं. पुढं कढत पाण्याचं घंगाळ, शेजारी विसणाची झाकलेली कळशी. ती कळशीला हात लावेना. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आज्जी झालीस न्हवं? तू घाल इसण. मी सांगते तवा थांब."

मी तांब्या बुडवला. धार इकडं तिकडं होत होती. आजी बोटं घंगाळात फिरवत होती. "आनिक... आनिक जरा... पुरे."

मग वाट बघणं सुरू झालं. नाळ पडेपर्यंत दुसरं काही सुचत नाही. शालन बाळाकडे कमी आणि आमच्या तोंडाकडे जास्त बघायची. आम्ही काय बघतो, कुठं थांबतो, काही लपवतोय का. रोज सकाळी ठकूआजी दुपटं उघडायची, खाली वाकायची, वास घ्यायची, झाकायची. मी त्या वेळी खिडकीतून बाहेर खाचरांकडे बघत राहायची. मीनाताई काही ना काही निमित्त काढून खोलीत यायच्या आणि उगीच खाटेची चादर ओढून जायच्या.

एका सकाळी दुपटं उघडलं तर नाळ आपोआप सुटून पडलेली. ठकूआजी नेहमीसारखी वाकली. या वेळी लवकर उठली नाही. शालननं माझा हात घट्ट धरला. म्हातारीनं बोटाच्या मागच्या बाजूनं बेंबी अलगद टिपली, ते बोट आपल्या गालाला लावून बघितलं, आणि मग शालनच्या अंगावरून हात लांब करून माझ्या गालाला लावलं.

बाहेर पाऊस पत्रा बडवत होता. दोरीवरची लंगोटं ओली, भिंती ओल्या, आमचे पदर ओले. आणि माझ्या गालावरचं ते बोट कोरडं होतं.